माती लावणारे चिंधूमामा

बदलीचा हुकूम आणि पत्र्याची ट्रंक घेऊन मी एस.टी.तून उतरले, तेव्हा गावातलं पहिलं माणूस मला भेटलं ते म्हणजे चिंधूमामा. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर गवताचा भारा टेकवून ते विडी ओढत बसले होते. मी विचारलं, "आरोग्य उपकेंद्र कुठं आहे हो?" उत्तर द्यायच्या आधी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पायांपाशी जरा जास्तच रेंगाळले.

"नवी शिस्टर का?"

"हो."

"घाटावरची दिसतेस."

"जुन्नरची."

"बगू," ते म्हणाले, भारा डोक्यावर घेतला आणि चालू लागले. मागोमाग यायचं आहे हे मला ते बरेच पुढं गेल्यावर कळलं.

मला असा संताप आला होता! बघू म्हणजे काय? मी काय बाजारातला बैल आहे? पुढं समजलं की बैलालाही ते तेवढंच म्हणतात. गावात नवीन आलेली सून, नवीन सरपंच, ग्रामसेवक, पाहुणा म्हणून आलेला जावई, सगळ्यांना एकच पाटी लावलेली असायची: बगू. मला ती दोन पावसाळे पुरली. मग एकदा भर पुरात वाडीवरचं बाळंतपण उरकून मी चिखलाने माखून परत आले, तेव्हा मामा ओटीवरून आत ओरडले, "अगो, शिस्टरला च्या ठेव. आपली हाय ती." त्या दिवशी मला सरकारी नोकरीत कायम झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे मी आजही कबूल करते.

माझी खोली त्यांच्या भिंतीला लागून होती. मामा लहानखुरे, काळेसावळे. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, कानावर विडी. उजव्या हाताची करंगळी वाकडी, ती कधी सरळच व्हायची नाही. तरुणपणी एका चढाई करणाऱ्याचा घोटा धरून ठेवताना मोडली, असं मामी सांगायच्या. मामा स्वतः कधी बोलले नाहीत. खेळत होतो तेव्हाच्या गोष्टी सांगणारा म्हातारा त्यांना अजिबात आवडायचा नाही. "तो बगायचं सोरून आपलंच सांगत बसतो," म्हणायचे.

कारण मामांचा खरा धंदा बघायचा. भातशेती, दोन बैल, गवत हे सगळं पोटासाठी. बघायची ती कबड्डी.

आमच्या भागात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. मामांचं रस्त्यालगतचं खाचर गावातलं सगळ्यात चांगलं, तिथला वाल मामींच्या माहेरापर्यंत नावाजलेला. ते खाचर मामांनी गावच्या कबड्डी मंडळाला देऊन टाकलं होतं. भात निघालं की तिथं धसकटं उपटायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्यांनी बडवून बडवून जमीन घोटायची आणि त्यावर फक्कीच्या रेघा मारायच्या. झालं मैदान. मामी दरवर्षी बांधावर उभ्या राहून बोलायच्या, "वाल खाल्ला बगा कबड्डीनं! आता जेवायला शिट्ट्या वाढते." बोलून झालं की चोपणाऱ्या पोरांसाठी चहाची कळशी त्याच घेऊन जायच्या.

आणि मग मामा बांधावर बसायचे. जागा ठरलेली, डाव्या कोपऱ्याच्या बरोबर मागे. चपला काढून बाजूला ठेवायच्या, पाय मातीत. ओरडायचे नाहीत, टाळी नाही, पंचाला शिवी नाही. आमचं गाव कबड्डी बघायचं म्हणजे नरडं फाटेपर्यंत. मी स्वतः, सरकारी नर्स, एकदा पंचाला आंधळा म्हणाले आहे. मामा मात्र गप्प. चालू असायची ती फक्त त्यांच्या पायांची बोटं. चढाई करणारा पुढं सरकला की मामांचे अंगठे मातीत रुतायचे, तो मागं गेला की सैल पडायचे.

मंडळात नवीन खेळाडू आला की सगळं गाव परीक्षक. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याच्या मांड्यांपासून त्याच्या मामाच्या गावापर्यंत सगळ्याची चर्चा व्हायची. "उंच हाय, पन वाकत नाय." "वाकंल रे, लगीन नाय झालं त्याचं आजून." पण शेवटचा शब्द मामांचा. मंडळाची रीतच होती तशी. बाहेरून आलेला खेळाडू पसंत पडला, की मोठ्या स्पर्धेच्या आधी मामा मैदानातली चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावायचे. तोवर तो पाहुणा. माती लागली की आपला. मग त्याच्या घरच्या लग्नाला गाव जाणार, त्याचा पाय मोडला तर गाव सांभाळणार.

एकदा कल्याणकडचा एक गडी आणला होता. काय त्याची छाती, काय ते पायांतले बूट! टपरीवाल्यानं त्याला पहिल्या दिवशीच उधार चहा सुरू केला. पोरी पाणी भरायला मैदानावरून जायला लागल्या. सगळ्यांनी पसंत केला. मामा बांधावर बसून होते. संध्याकाळी मंडळाचे लोक आले, "मग मामा, लावताव ना माती?"

"खेलतो चांगला," मामा म्हणाले. "पन बाद झाल्यावं आदी बांधावं बगतो. लोकांनी काय म्हनलं ते बगतो, आनि मंग भायेर जातो. आपन लोकांना ठेवलंय का, त्याचं तोंड पुसायला?"

माती काही लागली नाही. त्या गड्यानं दोन सामने जिंकून दिले. तिसऱ्यात लोकांनी हुर्यो केली, तर भर सामन्यात रुसून बसला. बूट घालून तो गेला तो गेलाच. बाद झाल्यावर माणूस कसा बाहेर जातो, ते बघायचं, हे मामांचं सांगणं तेव्हापासून गावाला पाठ झालं. मला तर ते दवाखान्यातही उपयोगी पडलं.

पण मामा देव नव्हते. त्यांचीही एकदा जबरदस्त फसगत झाली, आणि ती फक्त आमच्याच गावात होऊ शकते.

खेळाडूला जेवू घालून बघायचं ही मामांची दुसरी परीक्षा. माणूस कसा बसतो, हात न टेकता कसा उठतो, जेवताना लाजतो की भिडतो, यावरून म्हणे त्याची पकड कळते. तानशाकडचा एक काटकुळा पोरगा आला होता. मामींनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, बिरडं केलं. पोरानं अर्धी भाकरी कशीबशी चिवडली, तांब्याभर पाणी प्यायला आणि भिंतीला टेकून बसला. मामांनी तिथल्या तिथं निकाल दिला, "जीव नाय त्याच्यात." पोरगा परत गेला आणि नदीपलीकडच्या गावानं त्याला उचलला. त्या वर्षी आमच्याच मैदानात त्यानं आमचे गडी असे काही लोळवले, की मामी म्हणाल्या, "जीव नाय म्हनं!"

मग उलगडा झाला. मामा जेवू घालून बघतात, हे कळल्यावर गावातल्या प्रत्येक शौकिनाला वाटलं, आपणही बघावं. त्या दिवशी सकाळपासून टपरीवाल्यानं भजी, अध्यक्षानं कोंबडी, आळीतल्या दोन घरांनी पोटभर भात, असं सगळ्यांनी आपापल्या घरी नेऊन त्या पोराला तपासलं होतं. तो गरीब कोणालाच नाही म्हणाला नाही. मामांच्या ओटीवर आला तेव्हा त्याला नीट श्वासही घेता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी नारळ घेतला आणि नदी उतरून त्या पोराच्या नव्या गावात गेले. तिथल्या मैदानात, तिथल्या लोकांसमोर त्याच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "माजं चुकलं रे बाला. तू भरलेला होतास, मी उपाशी समजलो." परत येऊन त्यांनी मंडळाला बजावलं की यापुढं नवीन गडी एकाच घरी जेवेल. नदीपलीकडं जाऊ नका, लोक हसतील, असं कितीजण म्हणाले होते. लोक हसलेही. मामाही त्यांच्यात बसून हसले. मला त्या माणसाचं फार, फार कौतुक वाटलं.

आता रघूचं सांगायला हवं. रघू मामांचा एकुलता एक मुलगा, आणि आमच्या संघाचा डावा कोपरा. कबड्डी न पाहिलेल्यासाठी सांगते: समोरचा चढाई करायला आला की सात जण साखळी धरून उभे राहतात, आणि टोकाच्या गड्यानं वाकून त्याचा घोटा धरायचा असतो. त्यानं धरला तर बाकीचे तुटून पडतात. त्याचा हात चुकला तर साखळीचा काही उपयोग नाही. ती जागा आधी मामांची होती, मग रघूची झाली. गावानं तिला त्या घरचीच धरून टाकली होती. रघू वाईट नव्हता. मनापासून खेळायचा, उशिरा वाकायचा एवढंच. आम्हा सगळ्यांना ते दिसायचं आणि कोणी बोलायचं नाही.

त्या वर्षी गावाबाहेरच्या वीटभट्टीवर डोळखांबकडच्या कातकरवाडीतली काही कुटुंबं कामाला आली होती. संध्याकाळी काम सुटलं की त्यांतला लखमा नावाचा एक तरुण मैदानाच्या कडेला येऊन उकिडवा बसायचा. एक दिवस सरावाला एक गडी कमी पडला. कोणीतरी त्याला हाक मारली. त्याला उभं केलं उजव्या कोपऱ्यात, आणि त्यानं आमच्या सगळ्यात चपळ पोराचा घोटा असा धरला की पोरगं जागच्या जागी बसलं.

टपरीवर चर्चा पेटली. "हात बगितलेस का त्याचे? भट्टीतली वीट उचलून तयार झालेत." "ते खरं, पन भट्टीवरचा मानूस, उद्या मुकादमानं हलवला तर?" "आनि वाडीतला तो. आपल्या पंगतीला..." हे शेवटचं कोणीतरी अर्धवटच बोललं, कारण मामा चहा प्यायला आत आले होते.

"पंगतीला काय?" मामांनी विचारलं. त्या संध्याकाळी मामांनी लखमाला घरी जेवायला नेलं, स्वतःच्या शेजारी बसवला आणि ओटीचा दरवाजा मुद्दाम सताड उघडा ठेवला. लखमानं हात न टेकता उठून दाखवलं. मामी दुसऱ्या दिवशी मला सांगत होत्या, "चार भाकऱ्या खाल्ल्या त्यानं, आनि ताट घासून ठेवत होता. मीच वरडली."

दोनतीन दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं की लखमाची खरी जागा डावा कोपरा आहे. आणि त्या जागेवर रघू उभा. गावची मोठी स्पर्धा तोंडावर आलेली. मंडळानं काय करावं? त्यांनी नेहमीचं केलं. मामांकडे बोट दाखवलं.

ते दिवस मामांना फार जड गेले. विडी पेटवायची आणि तशीच विझू द्यायची. बैलांशीसुद्धा बोलेनासे झाले. मामी माझ्याकडं येऊन पदराला डोळे पुसायच्या, "शिस्टर, तुमी तरी सांगा त्याना. घरातल्या पोराला कोन उठवतं का?" मी काय सांगणार? मी बांधावर मामांच्या शेजारी जाऊन बसले.

सराव चालू होता. रघू बाद होऊन बाहेर येऊन बसला होता; थोड्या वेळानं लखमाही बाद झाला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. मामा त्या दोघांकडं बघत होते, मैदानाकडं नाही.

"शिस्टर, पाय बगा त्यांचे," ते हळूच म्हणाले.

रघूनं मांडी घातली होती, टॉवेलानं मान पुसत होता. लखमा उकिडवा बसला होता, आणि त्याच्या पायांची बोटं मातीत चालू होती. चढाई करणारा पुढं आला की अंगठे रुतत होते, मागं गेला की सैल पडत होते. मी चटकन मामांच्या पायांकडं पाहिलं. तेच. अगदी तेच. मामांनी माझी नजर पकडली आणि मान फिरवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रघू पोरगा माजा हाय," ते म्हणाले. "खेल दुसऱ्याच्या पोटी गेला."

स्पर्धेच्या सकाळी सगळं गाव खाचराभोवती जमलं. मामा उठले, वाकले, डाव्या कोपऱ्यातली चिमूटभर माती घेतली आणि लखमाच्या कपाळाला लावली. लखमा लहान मुलासारखा रडायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांतही चुळबुळ होती, कारण रघू तिथंच उभा होता. त्यानं मंडळाची बनियन काढली, घडी घातली आणि बापाच्या हातात दिली.

"बा," तो म्हणाला, "सगल्यांना लावलीस. मला कवा लावलीस माती?"

खरंच होतं ते. माती बाहेरच्याला लावायची. रघू तर घरचा. आणि मुलाला पुढं करतो असं कोणी म्हणू नये, म्हणून मामा रघूच्या वेळी बांधावरून उठलेसुद्धा नव्हते.

स्पर्धा आम्ही जिंकली. लखमानं अंतिम सामन्यात नदीपलीकडच्यांचा शेवटचा गडी असा धरला, की गुलालानं खाचर लाल झालं. मामा मिरवणुकीला आले नाहीत. ओटीवर ती घडी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही बरोबर केलंत."

"खेल बगताना बाप नसतो मी," ते म्हणाले. "घरी आल्यावं असतो. ते जड जातं."

रघू मुरबाडला गेला, कारखान्यात लागला. लग्न तिकडंच केलं. सणाला यायचा, आईशी बोलायचा, बापाच्या पाया पडायचा आणि शेवटच्या एस.टी.च्या आधी निघायचा. बोलणं नाही. लखमा पुढं बरीच वर्षं दिवाळीनंतर भट्टीवर आणि आमच्या कोपऱ्यात परत येत राहिला. मामींना तो आई म्हणायचा. मामी त्याला वाढायच्या आणि मुरबाडच्या दिशेनं बघायच्या.

मग कबड्डी मातीवरून गादीवर गेली. शाळेच्या पटांगणात निळ्यातांबड्या मॅट आल्या, गड्यांच्या पायांत बूट आले. मामांचं खाचर मोकळं झालं. मामींनी हौसेनं वाल पेरला, पहिल्या वर्षी सगळ्या आळीला वाटला. दुसऱ्या वर्षी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "कसं गप गप वाटतंय गो." मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन मी मागं लागून करून घेतलं, दुसऱ्याला ते तयार होईनात. "येकानं दिसतंय तेवडं पुरे," म्हणाले. "आता बगायला हाय काय?"

मंडळही खचलं होतं. पोरं होती, शिकवणारं कोणी नव्हतं. अशात कळलं, की मुरबाडला रघू कामगारांच्या संघाला शिकवतो आणि तो संघ सगळ्यांना भारी पडतोय. स्वतः उशिरा वाकायचा, पण कधी वाकायचं हे त्याला आता इतरांना बरोबर सांगता येत होतं. मंडळानं बराच विचार केला, एकमेकांची तोंडं पाहिली आणि त्याला बोलावलं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला.

टपरीवर पुन्हा जुनी चर्चा रंगली. "नवीन मास्तर कसा वाटतो?" "पोट सुटलंय." "शिकवायला पोट आडवं येतं का रे?" मी ऐकत होते आणि मला हसू येत होतं. गावानं रघूला नवीन गड्यासारखा तपासायला घेतला होता.

पहिल्याच दिवशी मामा पटांगणावर आले. लखमानं हाताला धरून आणलं होतं त्यांना. तोही आता संसारी माणूस झालेला. पोरं रांगेत उभी होती, रघू गळ्यात शिट्टी घालून. मामा सरळ त्याच्यासमोर गेले. बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली. उघडली, तर आत चुना नव्हता, खाचरातली माती होती.

रघूनं ती पाहिली आणि एक पाऊल मागं सरकला. "बा, ती भायेरच्याला लावतात."

"व्हय," मामा म्हणाले. "मंग तू कुटला रे आता? मुरबाडचा नाय का?"

मामांनी वाकड्या करंगळीच्या हातानं चिमूट उचलली. नजर एका डोळ्याचीच. निम्मी माती कपाळाला लागली आणि निम्मी रघूच्या डोळ्यात गेली.

"डोल्यात गेली रे बा!" रघू ओरडला. डोळा चोळता चोळता तो हसायला लागला आणि हसता हसता बापाच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. मी सवयीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन धावले, पण डोळा धुवायची घाई कोणालाच नव्हती.

मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. टपरीवाल्यानं न राहवून विचारलंच, "मग मामा, कसा काय? चालंल का नवा मास्तर?"

मामांनी कानावरची विडी काढली, पुन्हा कानावर ठेवली.

"बगू," ते म्हणाले.

पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली, आणि मामा गेल्याचं मला तिकडं कळलं. माझ्या डोळ्यांसमोर राहिले ते त्या संध्याकाळचे. सराव सुरू झाल्यावर त्यांनी मला खूण करून आपल्या पायांतल्या चपला काढायला लावल्या. मॅटच्या बाहेर थोडी माती होती, तिथं पाय ठेवले. दिसत फारसं नसावं. रघू पोरांना ओरडून सांगत होता, "थांब, थांब... आता वाक!" आणि त्या प्रत्येक हाकेला मामांचे अंगठे मातीत रुतत होते.